एबीजी वाचताना: आकडा किती असायला हवा होता?

रात्री अडीचला आयसीयूतून आरएमओचा (रात्रपाळीच्या डॉक्टरचा) फोन. पेशंट पंचविशीतला, सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारा, लहानपणापासून दमा. संध्याकाळपासून तीनदा नेब्युलायझर (वाफेतून औषध) झालेलं. एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची आणि आम्लतेची तपासणी, पाठवलेली.

"सर, आता बराच शांत झालाय. एबीजी पण आला. पीएच सात पॉइंट एकोणचाळीस, सीओटू एक्केचाळीस, बायकार्ब चोवीस. सगळं नॉर्मल आहे."

"श्वास किती?"

"छत्तीस, सर."

"झोप आल्यासारखा करतोय का?"

"हो, डुलक्या घेतोय जरा."

मी गाडीची किल्ली शोधायला लागलो.

मिनिटाला ३६ श्वास घेणाऱ्या तरुण माणसाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघायला हवा. २८-३० च्या आसपास यायला हवा. तो ४१ आहे याचा अर्थ छाती हलतेय पण हवा आत-बाहेर होत नाहीये, आणि पोरगं दमलंय. 'शांत झालाय' हे त्या दमण्याचंच दुसरं नाव. मशीनने कुठल्याही आकड्यापुढे बाण (मर्यादेबाहेर असल्याची खूण) छापला नव्हता, कारण मशीनला पेशंट दिसत नाही.

एबीजी शिकवताना मी सगळं या एकाच प्रश्नाभोवती फिरवतो: या माणसात, या घडीला, हा आकडा किती असायला हवा होता? हा लेख रात्रपाळी करणाऱ्या आरएमओंसाठी आणि आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदरांसाठी आहे. पदवी एमबीबीएस असो, आयुर्वेदाची असो वा होमिओपॅथीची, अडीच वाजता चिठ्ठी हातात तुमच्याच येते.

थोडं शरीराचं

आपण रोज साधारण १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार करतो, तो फुप्फुसं बाहेर टाकतात. शिवाय खाण्यातून आणि चयापचयातून शरीराच्या दर किलो वजनामागे अंदाजे १ मिलिमोल असं आम्ल तयार होतं की जे श्वासातून जात नाही. ते मूत्रपिंडं लघवीतून काढतात. फुप्फुस म्हणजे रोजंदारीवरचा गडी, हाक मारली की मिनिटांत कामाला लागतो. मूत्रपिंड म्हणजे सरकारी कचेरी. काम चोख, पण फाइल हलायला दोन-तीन दिवस. हा वेगातला फरक डोक्यात ठेवा, पुढे 'आजचं की जुनं' हे यावरूनच ठरणार आहे.

पीएच हे आम्लतेचं माप, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. पीएच ७.४० म्हणजे रक्तात लिटरमागे ४० नॅनोमोल हायड्रोजन आयन. ७.१० ला ते दुप्पट, ८०. चिठ्ठीवर ०.३ चा फरक चिमूटभर वाटतो, म्हणून हे सांगितलं.

नेहमीच्या मर्यादा: पीएच ७.३५ ते ७.४५, सीओटू ३५ ते ४५, बायकार्ब (बायकार्बोनेट, आम्लाला झेलणारं) २२ ते २६, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की साचणारं) २ च्या आत. पाठ करा, पण त्यांच्यावर विसंबून राहू नका. गरोदर बाईचा सीओटू मुळातच ३० च्या आसपास असतो. आठव्या महिन्यातल्या, धाप लागलेल्या बाईचा सीओटू ४० आला तर घाबरायला हवं.

सॅम्पल नीट नसेल तर पुढचं सगळं फुकट

मी निवासी डॉक्टर असताना एका रात्री एका आजोबांचा एबीजी केला. पीएच ७.४१, सीओटू २२, बायकार्ब १४. आजोबा खाटेवर बसून चहात खारी बुडवत होते. मी मात्र पुस्तक उघडलं: पीएच नॉर्मल, बाकी दोन्ही खाली, म्हणजे ॲसिडोसिस (आम्ल वाढणं) आणि अल्कलोसिस (आम्ल घटणं) एकत्र, म्हणजे ॲस्पिरिनची विषबाधा किंवा सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग)! नातेवाइकांना उठवून 'घरात कुठल्या गोळ्या आहेत' म्हणून तासभर पिडलं. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, सिरिंजमध्ये हेपॅरिन किती राहिलं होतं?"

रक्त गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये घेतात ते हेपॅरिन अर्धा मिली राहिलं होतं. दोन मिलीच्या सिरिंजमध्ये. हेपॅरिनच्या पाण्यात सीओटूही नसतो आणि बायकार्बही, त्यामुळे दोन्ही पातळ होऊन खाली येतात आणि पीएच जवळपास जागेवर राहतो. दुसरं सॅम्पल अगदी सरळ आलं. तेव्हापासून हे काही नियम मी सोडत नाही.

कोरड्या हेपॅरिनची तयार सिरिंज मिळत असेल तर तीच वापरा. नसेल तर द्रव हेपॅरिन ओढा, सिरिंजच्या भिंती ओल्या करा आणि दट्ट्या पूर्ण दाबून सगळं बाहेर काढा. सुईच्या पोकळीत उरतं तेवढं पुरतं. रक्त किमान दीड मिली घ्या.

मनगटावर टोचण्याआधी ॲलन टेस्ट: पेशंटला मूठ आवळायला सांगून दोन्ही धमन्या दाबा, मूठ उघडायला लावा, करंगळीकडची सोडा. तळहात पाच-सात सेकंदांत लाल झाला तर अंगठ्याकडची नाडी टोचायला हरकत नाही. सुई तिरकी, साधारण ४५ अंशांत. रक्त स्वतःच्या जोराने ठोक्याठोक्याला वर यायला हवं. ओढून काढावं लागलं तर ते शिरेतलं असण्याची दाट शक्यता. शिरेतलं रक्त पीएच आणि बायकार्ब बघायला चालतं (पीएच ०.०३-०.०४ ने कमी, सीओटू पाच-सहाने जास्त), ऑक्सिजनसाठी मात्र अजिबात नाही. आणि शिरेतलं असेल तर चिठ्ठीवर तसं लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

बुडबुडा दिसला की लगेच काढा. सिरिंज दोन तळव्यांत हलकेच फिरवा. टोचल्या जागी पाच मिनिटं स्वतः दाबून धरा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आणखी जास्त. 'मामा, जरा धरा' म्हणून नातेवाइकाच्या हाती देऊ नका.

आता आपल्या गावची गोष्ट. लहान नर्सिंग होममध्ये एबीजी मशीन नसतं. सिरिंज वॉर्डबॉयच्या खिशातून दुचाकीवर दोन चौक पलीकडच्या लॅबला जाते. मे महिन्यात बाहेर ४३ अंश. सिरिंजमधल्या पेशी त्या वाटेतही जिवंत असतात, ऑक्सिजन खातात आणि सीओटू सोडतात. ऑक्सिजन उतरतो, सीओटू चढतो, पीएच घसरतो. काढल्यापासून अर्ध्या तासात मशीनमध्ये जाणार असेल तर ठीक. उशीर अटळ असेल तर सिरिंज बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा, थेट बर्फाच्या खड्यांत नको, पेशी फुटतात. आणि त्या सॅम्पलचा पोटॅशियम आणि ऑक्सिजन खरा धरू नका.

ऑक्सिजन किती लिटरवर होता आणि सॅम्पलची वेळ, या दोन गोष्टी लिहिल्याशिवाय सिरिंज पाठवायची नाही. ऑक्सिजन नुकताच बदलला असेल तर २०-३० मिनिटं थांबून मग टोचा.

चिठ्ठी हातात आली

आधी चिठ्ठीतले आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा. २४ ला सीओटूने गुणा आणि बायकार्बने भागा, हायड्रोजन आयन मिळतात. पीएचशी पडताळायची सोपी युक्ती: ८० मधून पीएचचे दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे वजा करा. ७.३५ असेल तर ८० वजा ३५, म्हणजे ४५. ही युक्ती ७.३० ते ७.५० च्या दरम्यान चालते, त्याबाहेर चुकते. फोनवर कुणी आकडे सांगताना गोंधळ केला असेल, तर तो इथे दहा सेकंदांत पकडला जातो.

हे गणित पातळ झालेलं सॅम्पल मात्र पकडत नाही. माझ्या आजोबांचे आकडे छान जुळत होते. ते पकडायला चहा-खारीकडे बघावं लागतं.

मग पीएच. ७.३५ च्या खाली ॲसिडोसिस, ७.४५ च्या वर अल्कलोसिस. त्यानंतर दोषी कोण ते शोधा. पीएच आणि सीओटू विरुद्ध दिशांना गेले असतील तर मूळ दुखणं श्वासाचं. दोघं एकाच दिशेला गेले असतील तर मूळ दुखणं चयापचयाचं.

पीएच न बघता एकट्या बायकार्बवरून निदान केलं तर काय होतं याचा मोठा धडा कोपनहेगनमध्ये मिळाला. १९५२ साली तिथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या मुलांच्या रक्तात बायकार्ब जास्त दिसायचं, आणि डॉक्टर समजायचे की हा कुठला तरी गूढ अल्कलोसिस आहे. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सांगितलं की हा साठलेला कार्बन डायऑक्साइड आहे, मुलांना हवा पोचत नाहीये. गळ्याला छिद्र पाडून, नळी घालून, हाताने फुगा दाबून श्वास द्यायला सुरुवात झाली. व्हेंटिलेटर पुरेसे नव्हते. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस फुगे दाबत बसले. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याचा उगम तिथला. एक आकडा चुकीच्या बाजूने वाचला जात होता, एवढंच.

किती असायला हवा होता?

एक बाजू बिघडली की दुसरी तिला सावरायला धावते. ती किती धावणार, याचे ठरलेले हिशेब आहेत. प्रत्यक्ष आकडा त्या हिशेबात बसला तर दुखणं एकच. बसला नाही तर दुसरं दुखणं लपलंय. आणि सावरून सावरून पीएच कधी पलीकडच्या बाजूला जात नाही. गेला असेल तर तेही दुसरं दुखणंच.

चयापचयाचा ॲसिडोसिस सगळ्यात जास्त भेटतो, म्हणून तो आधी. अपेक्षित सीओटू = बायकार्बची दीडपट अधिक ८, दोन इकडे-तिकडे.

मोहोळकडचा १९ वर्षांचा मुलगा धरा. टाइप वन मधुमेह. गड्ड्याच्या जत्रेला मित्रांकडे राहिला, इन्शुलिन घरी विसरलं. उलट्या, पोटदुखी, खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. पीएच ७.२२, सीओटू २०, बायकार्ब ८. दीडपट म्हणजे १२, अधिक ८, म्हणजे २०. बरोबर बसलं. फुप्फुसं आपलं काम पुरतं करताहेत.

तोच मुलगा पहाटे थकला आणि सीओटू ३४, बायकार्ब १०, पीएच ७.०९ असा आला, तर? ३४ ला मशीन जेमतेम एक बाण लावेल. पण असायला हवा होता २३. म्हणजे अकराने जास्त, म्हणजे हा मुलगा श्वास सोडून द्यायच्या बेतात आहे. दम्याच्या त्या तरुणासारखंच.

श्वासाच्या बिघाडाचे हिशेब असे. सीओटू दर १० ने वाढला की बायकार्ब आजच्या आज १ ने वाढतं. दुखणं जुनं असेल तर ४ ने. सीओटू दर १० ने उतरला की बायकार्ब ताज्या दुखण्यात २ ने उतरतं, जुन्यात ४-५ ने. हा आजचा-जुन्याचा फरक म्हणजे वर सांगितलेली कचेरी.

चुलीच्या धुरात चाळीस वर्षं भाकऱ्या थापलेल्या, सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या) अक्कलकोटकडच्या आजी येतात. पीएच ७.३३, सीओटू ६४, बायकार्ब ३३. सीओटू २४ ने जास्त, जुन्या हिशेबाने बायकार्ब ३३-३४ असायला हवं. बसलं. ६४ बघून धावपळ करायचं कारण नाही, आजींचं रोजचं गणितच हे आहे. धावपळीत कुणी दहा लिटरचा मास्क लावला की सीओटू आणखी चढतो. अशा पेशंटचं सॅचुरेशन ८८ ते ९२ ठेवायचं. ९९ दिसल्यावर नातेवाइकांना बरं वाटतं, आजींना नाही.

चयापचयाचा अल्कलोसिस थोडक्यात: अपेक्षित सीओटू = बायकार्बच्या ०.७ पट अधिक २०, पाच इकडे-तिकडे. बहुतेकदा कारण उलट्या, नाकातून घातलेली नळी किंवा लघवीची गोळी असतं. सलाइन आणि पोटॅशियम द्या, बहुतेक सुधारतात.

गॅप काढल्याशिवाय चिठ्ठी खाली ठेवू नका

सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा करा. उरलं ते ॲनायन गॅप. साधारण ८ ते १२. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी असेल तर ४ च्या खाली जाणाऱ्या दर १ ग्रॅमला गॅपमध्ये अडीच मिळवा. आपल्याकडच्या कुपोषित, लिव्हरच्या आणि आयसीयूत दहा दिवस काढलेल्या पेशंटमध्ये हे विसरलं तर मोठा गॅप साधा दिसतो.

गॅप मोठा असेल तर कुठलं तरी परकं आम्ल साठलंय: कीटोन (इन्शुलिनअभावी चरबी जळून साचणारं), लॅक्टेट, मूत्रपिंड निकामी झाल्यावर साचणारी आम्लं, किंवा विषारी दारूतलं मिथेनॉल. गॅप नॉर्मल आणि तरी ॲसिडोसिस असेल तर बायकार्ब वाहून गेलंय किंवा क्लोराइड जास्त झालंय. आषाढीच्या गर्दीनंतर येणारे जुलाबाचे पेशंट यात मोडतात.

मोहोळच्या मुलाकडे परत येऊ. सोडियम १३२, क्लोराइड ९५, बायकार्ब ८. गॅप २९. आता गॅप वाढलाय १७ ने (१२ च्या वर) आणि बायकार्ब उतरलंय १६ ने (२४ पासून). दोन्ही जवळपास सारखे, म्हणजे दुखणं एकच. गॅप बराच वाढला पण बायकार्ब त्या मानाने उतरलं नाही, तर सोबत अल्कलोसिस आहे. उलट असेल तर सोबत नॉर्मल गॅपचा ॲसिडोसिस.

सलाइन आणि इन्शुलिनवर दुसऱ्या दिवशी त्याची चिठ्ठी: सोडियम १३८, क्लोराइड ११२, बायकार्ब १६, पीएच ७.३२. आरएमओ काळजीत, "सर, बायकार्ब अजून सोळाच. सोडा-बायकार्ब लावू का?" गॅप काढला तर १०. कीटोनचं काम संपलंय. उरलेला ॲसिडोसिस आपल्याच सलाइनच्या क्लोराइडचा आहे, तो मूत्रपिंडं दोन दिवसांत निस्तरतील. मुलगा शेंगा चटणी मागतोय, त्याला इन्शुलिन कातडीखाली द्या आणि जेवू घाला. सोडा-बायकार्ब हा आपल्याकडचा जुना मोह आहे. कीटोॲसिडोसिसमध्ये पीएच ७.० च्या वर असेल तर त्याची गरज पडत नाही.

बेस एक्सेस (चिठ्ठीवरचा आणखी एक आकडा) मी फारसा बघत नाही. तुम्ही बघत असाल तर बघा. गॅप काढायचं मात्र टाळू नका.

आणि ही चिठ्ठी मी प्रत्येक नव्या आरएमओपुढे ठेवतो: पीएच ७.४०, सीओटू ४०, बायकार्ब २४. कुठे बोट ठेवणार? सोडियम १४० आणि क्लोराइड ८८ घातलं की गॅप २८ निघतो. पेशंट डायलिसिसवरचा, दोन पाळ्या चुकवलेल्या, चार दिवस उलट्या. मूत्रपिंडाचा ॲसिडोसिस आणि उलट्यांचा अल्कलोसिस एकमेकांना तंतोतंत झाकून बसलेत. अशी हुबेहूब जुळणी क्वचितच होते, पण थोड्याफार फरकाने दर महिन्याला एक तरी सापडतो.

ऑक्सिजन वेगळा वाचा

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच. हवेचा दाब इथे ७६० नाही, अंदाजे ७२० भरतो. त्यातून पाण्याच्या वाफेचे ४७ वजा केले, त्याचे २१ टक्के काढले तर १४१. त्यातून सीओटू भागिले ०.८, म्हणजे ४० साठी ५०, वजा केले की फुप्फुसाच्या पिशवीतला ऑक्सिजन ९१. मुंबईत हाच आकडा १०० येतो. पिशवीतल्या आणि धमनीतल्या ऑक्सिजनमधला फरक वयाच्या पावपट अधिक ४ इतका चालतो. साठीच्या माणसाला १९. म्हणजे सोलापुरात साठीच्या माणसाचा साध्या हवेवरचा ऑक्सिजन ७२ आला तरी तो वयाला धरून आहे, फक्त मशीन बाण लावेल.

हा फरक सगळ्यात उपयोगी कुठे पडतो? रात्री जमिनीवर झोपलेला शेतमजूर, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला, पापण्या जड. मण्यार. साध्या हवेवर ऑक्सिजन ४८, सीओटू ७०. पिशवीतला ऑक्सिजन १४१ वजा ८७, म्हणजे ५४. फरक फक्त ६. फुप्फुसं ठणठणीत आहेत, भाता थांबत चाललाय. न्यूमोनियाची औषधं शोधत बसायचं नाही, श्वास द्यायचा. खरं तर मण्यारीत एबीजी बिघडायची वाटच बघू नका. मान उशीवरून उचलता येईना, बोलणं नाकात जायला लागलं की नळीची तयारी करा. सीओटू वाढेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. फवारणीच्या औषधाच्या विषबाधेतही हेच.

ऑक्सिजन चालू असेल तर धमनीतला ऑक्सिजन भागिले दिलेल्या ऑक्सिजनचा अंश एवढं काढा. नाकातल्या नळीने दोन लिटर म्हणजे ढोबळ २८ टक्के. ७० भागिले ०.२८, म्हणजे २५०. तीनशेच्या खाली फुप्फुस आजारी, दोनशेच्या खाली बरंच, शंभरच्या खाली अवघड.

फोन करताना

'एबीजी खराब आहे' असं सांगू नका, आणि 'नॉर्मल आहे' असंही नको. माझ्याकडच्या एका आरएमओ मुलीने परवा पहाटे चारला फोन केला, तो तसाच लिहितो (त्यातलं बायपॅप म्हणजे नळी न घालता मास्कमधून दाबाने श्वास देणारं यंत्र).

"सर, बेड चार, अक्कलकोटच्या आजी, सीओपीडी, दोन लिटरवर. पीएच सात पॉइंट तेवीस, सीओटू पंच्याऐंशी, बायकार्ब पस्तीस. नवीन असतं तर बायकार्ब अठ्ठावीस-एकोणतीस हवं होतं, जुनं असतं तर बेचाळीस. मधे आहे, म्हणजे जुन्यावर नवीन. गॅप दहा. हाक मारली की डोळे उघडतात, नाव सांगतात. बायपॅप लावतेय, तासाभराने परत सॅम्पल घेईन."

मी म्हणालो, "लाव. दुसऱ्या सॅम्पलला फोन कर."

पाचला फोन आला. सीओटू बहात्तर, पीएच सात पॉइंट एकोणतीस. आजी मास्क काढून चहा मागत होत्या. चहा नऊ वाजेपर्यंत नको म्हटलं.